बार्शी–विशाखापट्टणम, नऊ चाळीस

बार्शीचे निवृत्त भूमापक महालिंग उंबरजे यांच्या मागच्या खोलीतून विशाखापट्टणमला जाणारे पहिले विमान सोमवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सुटले. विमान त्यांच्या संगणकात होते आणि त्यात एक प्रवासी होत्या.

त्या प्रवासी म्हणजे वत्सला कोकाटे नावाच्या शिक्षिका. मुलीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. एसटी स्टँडसमोरच्या एजंटने त्यांना तिकीट काढून दिले होते आणि त्यावर प्रस्थानाच्या जागी 'उंबरजे यांची मागची खोली, सुभाषनगर, बार्शी' असे स्वच्छ छापलेले होते. बाईंनी बेल वाजवली, तिकीट दाखवले आणि पिशवी कुठे ठेवू, असे विचारले. उंबरजे तेव्हा दाढी करत होते. त्यांनी तिकीट दोनदा वाचले, त्यात काही चूक सापडली नाही, म्हणून तोंड धुऊन ते विमान काढायला बसले.

उंबरजे यांना विमानाचे वेड होते, पण ते स्वतः कधी विमानात बसलेले नव्हते. नऊ वर्षे ते संगणकावर विमान चालवत. त्यातल्या नकाशात बार्शीला धावपट्टी नव्हती, ती त्यांनी स्वतः आखली होती. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्यामुळे धावपट्टी कुणाच्याही बांधावरून जाणार नाही, याची त्यांनी काळजी घेतली होती. शिवाय ते इंटरनेटवर 'आभाळावरून' या नावाने लेख लिहीत आणि ते एकशेचाळीस माणसे वाचत. चार इंजिनांची विमाने गेली तेव्हाच विमानप्रवासातला रुबाब गेला, असे त्यांचे मत होते. एअरबसची विमान वळवायची काठी बाजूला असते, ती मोटारीच्या गिअरसारखी दिसते, म्हणून त्यांना ती पटत नसे. सगळ्यात जास्त राग विमान कंपन्यांवर. माणसाचा गुडघा कुठे संपतो हे या लोकांनी कधी पाहिलेच नाही, असे त्यांनी लिहिले होते. 'परिचालनाच्या कारणास्तव' या शब्दांवर तर त्यांचे तीन भागांत लेख होते.

कोकाटेबाई त्यांच्यामागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. उंबरजे यांच्या पत्नी शैलजाबाई यांनी त्यांना उपमा दिला. एक तास वीस मिनिटांनी विमान उतरले. बाईंनी बशी खाली ठेवली, परसदार उघडले आणि त्या विशाखापट्टणमच्या विमानतळावर, जिथे बॅगा फिरत येतात, तिथे उतरल्या. दार लागल्यावर उंबरजे यांनी ते पुन्हा उघडून पाहिले. बाहेर मोरी, दोरीवरचे कपडे आणि कढीपत्त्याचे झाड होते. तिकीट नसलेल्याला नेहमी तेच दिसे. शेजारच्यांनीही करून पाहिले.

महिनाभरात अकरा खुर्च्या रोज भरू लागल्या. दुपारी तिकडून येणारे लोक परसदारी, ओल्या साड्यांखालून वाकून आत येत. विमान एकदाही उशिरा सुटले नाही. दोन खुर्च्यांमधले अंतर उंबरजे यांनी फूटपट्टीने मोजून ठेवले होते आणि उंच माणसांना पाय पसरता येत. उपमा सगळ्यांना मिळे. शैलजाबाई पहाटे उठून रवा भाजत आणि तक्रार करत नसत, कारण त्यांचे थोरले भाऊ विशाखापट्टणमला होते. त्यांना त्या अण्णा म्हणत. अण्णा बंदरात नोकरीला होते, आता एकटे होते.

"एकदा मलाही न्या," त्या म्हणाल्या.

"जागा झाली की," उंबरजे म्हणाले.

पाचव्या आठवड्यात उड्डाण कार्यालयातून पानवलकर नावाचे निरीक्षक आले. त्यांनी खोली पाहिली, संगणक पाहिला, परसदार उघडून मोरी पाहिली आणि यातले काहीच त्यांना खटकले नाही.

"तुमच्याविरुद्ध तक्रार आहे," ते म्हणाले. "तुमचं विमान वेळेवर सुटतं."

"हो."

"रोज?"

"रोज."

पानवलकरांनी लिहून घेतले. "बाकीच्या कंपन्यांना त्रास होतो. प्रवाशांच्या अपेक्षा वाढतात. परवा एका विमानतळावर एका गृहस्थांनी उशिराचं खरं कारण विचारलं. असं पूर्वी होत नव्हतं." त्यांनी टेप काढून खुर्च्यांमधले अंतर मोजले आणि मान हलवली. "एवढी जागा कशाला? माणूस बसतो ना, झोपत नाही. इथं सतरा खुर्च्या बसतात. आणि उपमा मागेल त्यालाच द्यायचा."

"मी या विषयावर लिहिलेलं आहे," उंबरजे म्हणाले. "गुडघ्यांसंबंधी."

"वाचलंय मी. चांगलं आहे. प्रवाशानं लिहावं असंच आहे." पानवलकरांनी बॅगेतून एक जाड कागद काढला. "आता तुम्ही प्रवासी नाही."

कागदावर 'कॅप्टन महालिंग बसवण्णा उंबरजे' असे छापलेले होते. सोबत एक टोपी होती आणि खांद्यांवर लावायच्या चार सोनेरी पट्ट्या. उंबरजे यांनी कागदावरचे नाव वाचले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावाआधी कुणी 'श्री.' सुद्धा नीट लावले नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले.

"सतरा मावतील," ते म्हणाले.

"खुर्च्या सतरा आणि तिकिटं एकोणीस," पानवलकर म्हणाले. "दोघं येत नाहीतच."

त्यानंतर उंबरजे बदलले, असे शैलजाबाईंना वाटले. स्वतः उंबरज्यांचे म्हणणे होते की, त्यांना आता दोन्ही बाजू कळल्या. प्रवासी फार बोलतात, असा एक लेख त्यांनी लिहिला. दुसऱ्यात त्यांनी गुडघ्याला थोडी सवय लावली तर तो ऐकतो, असे मत मांडले. एका बुधवारी जेवण जड झाले म्हणून ते पडले आणि परतीचे विमान पन्नास मिनिटे उशिरा सुटले. परिचालनाच्या कारणास्तव, असे त्यांनी सांगितले. कुणीही काही विचारले नाही. ते पाहून त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच विमान कंपन्यांबद्दल आपुलकी वाटली.

श्रावण संपता संपता अण्णांचा फोन आला. छातीची शस्त्रक्रिया ठरली होती, बुधवारी सकाळी आठला. सोबत कुणी नव्हते.

शैलजाबाईंनी मंगळवारचे तिकीट रीतसर एजंटकडून काढले. सोमवारी शेंगाचटणी कुटून डब्यात भरली. मंगळवारी साडेनऊला त्या पिशवी घेऊन मागच्या खोलीत आल्या, तेव्हा सतरा खुर्च्यांवर सतरा माणसे बसलेली होती आणि एक गृहस्थ तिकीट हातात धरून उभे होते. त्या दिवशी एकोणीसच्या एकोणीस आले होते.

उंबरजे यांनी टोपी सारखी केली आणि नियमांचा कागद उघडला. जागा कमी पडल्यास कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना प्रथम उतरवावे, असे त्यात होते. त्यांनी आधी उभ्या गृहस्थांना स्वतःचे पाय ठेवायचे स्टूल दिले आणि मग नाव वाचले.

"सौ. शैलजा उंबरजे."

"मी इथंच उभी आहे," शैलजाबाई म्हणाल्या. "वाचून काय दाखवता?"

"तुला आज जाता येणार नाही."

"घरातली आहे म्हणून?"

"नियम आहे."

"कुणाचा?"

"कंपनीचा."

"कंपनी कोण?"

सतरा प्रवासी जमिनीकडे बघत होते. प्रत्येकाने आपापल्या खुर्चीचा हात धरला होता. उंबरजे संगणकाकडे वळले.

"परिचालनाच्या कारणास्तव," ते म्हणाले. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"दिलगीर नेमकं कोण आहे?" शैलजाबाईंनी विचारले.

उंबरजे यांनी इंजिने सुरू केली. शैलजाबाई पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. पुढची जागा शनिवारची होती. एसटीने आणि रेल्वेने जाऊन बुधवारी आठच्या आत पोचणे शक्य नव्हते, हे त्यांनी स्टँडवर जाऊन दोनदा विचारून घेतले.

बुधवारी अण्णांना एकट्यालाच आत नेले. संमतीच्या कागदावर नातेवाइकाच्या जागी शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सही केली. नात्याच्या रकान्यात त्याने 'ओळख' असे लिहिले. हे सगळे अण्णांनी गुरुवारी खोल आवाजात फोनवर सांगितले आणि शस्त्रक्रिया नीट झाली, असेही सांगितले. शैलजाबाईंनी फोन ठेवला आणि भाजी चिरायला घेतली. उंबरज्यांनी त्यांना शनिवारी पहिल्या रांगेतली खुर्ची आणि उपम्याचे एक कूपन देऊ केले. त्यांनी तिकीट तेवढे शनिवारचे करून घेतले, बाकी काही घेतले नाही.

शनिवारी सव्वानऊला उंबरजे आंघोळ करून आले, तेव्हा संगणकासमोरच्या खुर्चीवर शैलजाबाई बसल्या होत्या.

"ऊठ, उशीर होतोय."

"आज मी नेते," त्या म्हणाल्या. "माझ्या तिकिटावर तुम्ही जा. चटणीचा डबा घ्या."

"मी? मी कशाला?"

"अण्णांना सांगा, मी मंगळवारी का आले नाही ते. मला ते नीट सांगता येत नाही. परिचालन वगैरे."

"तुझ्याकडे परवाना नाही."

"तुम्हाला कुणी दिला होता, नऊ वर्षं?" नऊ वर्षे त्या स्वयंपाकघरात असताना उंबरजे इकडे प्रत्येक कळीचे नाव मोठ्याने घेत आले होते. शैलजाबाईंना ते सगळे रामरक्षेसारखे पाठ होते. "टोपी राहू द्या. मला गरम होतं."

नऊ छत्तीस झाले होते. प्रवासी घड्याळ बघू लागले. उंबरजे सतराव्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यांचे गुडघे सोळाव्या खुर्चीच्या पाठीला लागले. त्यांनी ते तिरके केले, तर शेजारच्याला लागले.

विमान नऊ चाळीसला सुटले. सोलापूर डावीकडे की उजवीकडे, हे शैलजाबाईंनी सांगितले नाही. उंबरजे यांनी मागून दोनदा सूचना केली.

"गप्प बसा हो जरा," शेजारचा माणूस म्हणाला. "त्यांना चालवू द्या."

उंबरज्यांनी उपमा मागितला. उपमा त्या दिवशी केलेला नव्हता. उतरताना विमान गॅसचा सिलिंडर ठेवावा तसे खाली आले आणि सतरा जणांचे दात एकदम वाजले. मग लोक उठले. उंबरजे सगळ्यांत शेवटी दारापाशी गेले. दाराबाहेर मोरी नव्हती. गुळगुळीत फरशी होती, फिरत्या पट्ट्यावर बॅगा येत होत्या आणि काचेपलीकडे दोन इंजिनांचे एक खरे विमान उन्हात उभे होते. ते किती मोठे असते, हे त्यांनी अनेकदा लिहिले होते. ते तिथेच उभे राहून बघत राहिले. शेवटी सफाई करणाऱ्या बाईने झाडू त्यांच्या पायाशी आणला, तेव्हा ते हलले.

रुग्णालयात खांद्यावरच्या पट्ट्या पाहून तीन जणांनी त्यांना तेलुगूत लिफ्ट कुठे आहे, असे विचारले. तिसऱ्याला त्यांनी हाताने दाखवली.

अण्णा छातीला उशी धरून बसले होते. "शैला?"

"ती नाही आली. मंगळवारी येणार होती, पण परिचालनाच्या..." उंबरजे थांबले.

"कशाच्या?"

"जागा कमी होती."

"तिकीट नव्हतं?"

"होतं. मी उतरवलं तिला."

अण्णांना खोकला आला. खोकताना उशी घट्ट दाबायची असते. त्यांचे हात पुरत नव्हते, म्हणून उंबरजे यांनी पुढे होऊन ती दाबून धरली.

"तुम्ही उतरवलंत," अण्णा म्हणाले. "आणि मग विमान नेलंत?"

"वेळेवर नेलं."

अण्णांनी डोळे मिटले. "त्या खाटेवरचे अप्पाराव परवा घरी गेले," ते म्हणाले. "मला त्यांचं आडनावसुद्धा माहीत नाही. रात्रभर जागे होते माझ्यासाठी." मग त्यांनी डोळे उघडले. "आलाच आहात तर मला संडासापर्यंत न्या. घाई करू नका."

उंबरजे यांनी त्यांना नेले आणि दाराबाहेर उभे राहिले. मग परत आणले. तिथे जायला बावीस पावले लागत आणि अण्णा प्रत्येक पावलाला थांबत. अशा फेऱ्या रोज सहा होत. चौथ्या दिवशी अण्णांना घरी सोडले आणि सोबतीला त्यांच्या पत्नीकडची भाची रजा मिळून गुंटूरहून आली. उंबरजे यांनी बार्शीला फोन लावला.

"परतीला एक जागा हवी होती."

"या आठवड्यात नाही," शैलजाबाई म्हणाल्या. मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता. "बाराच खुर्च्या ठेवल्यात आता. बाकीच्या मंगल कार्यालयाला परत दिल्या. अण्णा जेवले का?"

"जेवले. भात आणि पातळ वरण. चटणी नाही म्हणाले डॉक्टर."

"बरं. ठेवते. सुटायची वेळ झाली."

उंबरजे रेल्वेने निघाले. सिकंदराबादला गाडी बदलली, कुर्डुवाडीला उतरले आणि तिथून एसटीने सकाळी सव्वादहाच्या सुमारास घरी पोचले. खांद्यांवरच्या पट्ट्या त्यांनी प्रवासात कुठेतरी काढल्या होत्या. कुठे, ते त्यांना आठवत नव्हते. व्हरांड्यात नवे लाकडी बाक होते आणि त्यावर दुसऱ्या दिवशीच्या तिकिटाची चौकशी करायला आलेले एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी सरकून जागा दिली.

"तुम्ही कुठं निघालात?" त्यांनी विचारले.

"मी पोचलो," उंबरजे म्हणाले आणि चपला काढून बाकावर बसले. आत जाऊन त्यांनी हाक मारली नाही. शैलजाबाई त्या वेळी बारा माणसांसह वरंगळच्या वर होत्या.