व्हिकर्सचं माहेर

फोटो काढायला गुरुवारी माणूस येणार होता, आणि त्याआधी मागच्या खोलीतल्या बंदुका हलवायच्या, असं घरविक्रीच्या एजंटबाईंनी लायनेल फॉसेटला स्वच्छ सांगितलं होतं.

"घर सुरेख आहे तुमचं," टॅम्सिन म्हणाली होती. "पण फोटोत भिंतीवर सतरा बंदुका दिसल्या, तर लोक दाराशीसुद्धा येणार नाहीत."

"सगळ्या बाद आहेत," लायनेल म्हणाला. "नळ्या बुजवलेल्या, चाप जाम केलेले. एकीतून वाटाणा उडणार नाही."

"ते फोटोत कळत नाही ना."

त्याची बायको ॲव्हरिल चहा ओतत होती. लायनेलने ही हौस सुरू केली तेव्हा त्या खोलीत जेवणाचं टेबल होतं. मग एक रायफल आली, मग तिच्या जोडीला दुसरी, मग टेबल गॅरेजमध्ये गेलं आणि फॉसेट कुटुंब स्वयंपाकघरात गुडघ्याला गुडघा लावून जेवू लागलं. आता मुलीजवळ, डेव्हनला राहायला जायचं ठरलं होतं. तिथल्या घरात खोल्या कमी होत्या, आणि याचा ॲव्हरिलला मनातून आनंद होता.

मंगळवारी स्केग्नेसहून फोन आला. ॲव्हरिलची बहीण पायरीवरून घसरून पाय मोडून बसली होती. घाईत बॅग भरून ॲव्हरिल गेली. जाताना दारातून म्हणाली, "घराचे कागद सगळे टॅम्सिनकडे दिलेत. तू फक्त तेवढी खोली रिकामी कर."

बुधवारी सकाळी लायनेलने कामाला हात घातला. शेजारी रेज हॉब्सनचं गॅरेज अर्धं रिकामं होतं. रेज एकटा माणूस. त्याने किल्ली देऊन टाकली आणि तो गळ घेऊन कालव्यावर गेला. सोळा बंदुका चादरीत गुंडाळून लायनेलने एकेक करून नेल्या. सतरावी मात्र व्हिकर्स मशीनगन. लोखंडी तीन पायांवर बसलेली, पाण्याच्या जाड नळकांड्याची, चाळीस किलोंची. ती अठ्ठावीस वर्षं त्या खोलीतून हलली नव्हती. लायनेलने तिचे पाय सोडवले, ते आधी पोचवले. मग उरलेली बागेच्या ढकलगाडीवर आडवी घातली आणि ॲव्हरिलच्या बिछान्यावरची फुलाफुलांची रजई तिच्यावर नीट खोचली. बंदूक बाद असली तरी रस्त्यावर उघडी मिरवता येत नाही, हा कायदा त्याला पाठ होता.

समोर राहणाऱ्या थर्लबीबाई तेव्हा खिडकीच्या काचा पुसत होत्या. त्यांच्या खिडकीच्या काचा गल्लीत सगळ्यात स्वच्छ असत. त्यांनी पाहिलं ते असं: ॲव्हरिल फॉसेट कालपासून दिसलेली नाही, तिची रजई ढकलगाडीवर आहे, रजईखाली काहीतरी लांब, जड आणि ताठ आहे, आणि लायनेल घाम पुसत, इकडेतिकडे बघत ते रेजच्या गॅरेजमध्ये नेतो आहे. त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि फोन उचलला.

तासाभराने लायनेलच्या दारावर एक पोलीस कॉन्स्टेबल उभी राहिली. नाव डनिंग, वय पंचविशीचं, चेहरा फार सौम्य.

"मिस्टर फॉसेट, जरा नाजूक आहे," ती म्हणाली. "सकाळी तुम्ही ढकलगाडीवरून शेजारी काही नेलंत. त्याबद्दल विचारायचं होतं."

लायनेलला हायसं वाटलं. पोलीस एक दिवस येणार आणि आपण त्यांना सगळं व्यवस्थित सांगणार, याची तयारी तो कित्येक वर्षं करून बसला होता.

"या ना आत. विचारा," तो म्हणाला. "लपवण्यासारखं काही नाही. रजईत गुंडाळून नेली. उघडी नेणं बरं दिसत नाही."

डनिंगने वही काढली. "आता ती कुठे आहे?"

"रेजच्या गॅरेजमध्ये. जुन्या फ्रीजच्या मागे."

"रेजना माहीत आहे?"

"किल्ली त्यानेच दिली. म्हणाला, हवे तितके दिवस राहू दे."

डनिंगचं पेन क्षणभर थांबलं. "मिस्टर फॉसेट, ती जिवंत आहे का?"

"छे हो. जिवंत घरात ठेवली असती तर तुम्ही मला केव्हाच आत टाकलं असतं. मेलेलीच आहे. तसा दाखला आहे माझ्याकडे."

"तुम्ही एकट्याने नेलीत?"

"अख्खी झेपेना, म्हणून पाय वेगळे केले. पाय पहिल्या खेपेला, धड दुसऱ्या."

डनिंग उठून दाराशी गेली आणि खांद्यावरच्या वायरलेसमध्ये हळू आवाजात काहीतरी बोलली. परत आली तेव्हा बसली नाही.

"हे असं का केलंत?"

"बायकोने सांगितलं," लायनेल म्हणाला. "घर विकायचंय ना. ती दिसली तर गिऱ्हाईक बिचकतं."

डनिंगने लिहिलेलं एकदा वाचून पाहिलं. त्यात मेलेलीही बायकोच होती आणि न्यायला सांगणारीही बायकोच. "ती म्हणजे कोण? पूर्ण नाव सांगा."

"व्हिकर्स."

"हे तुमच्या पत्नीचं माहेरचं नाव का?"

लायनेल तिच्याकडे बघत राहिला. आपण काय काय बोललो ते सगळं त्याच्या डोक्यात उलट क्रमाने फिरून गेलं, आणि पायांपाशी येऊन थांबलं.

खुलासा व्हायला पाच मिनिटं पुरली. पण तोवर वायरलेसवरून निघालेली गाडी गल्लीत शिरली होती. तिच्यातून उतरलेल्या सार्जंटने सगळं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "म्हणजे खून नाही. गॅरेजमध्ये सतरा बंदुका आहेत. हे मला त्याहून बरं वाटायला हवं का?"

मग रेजच्या गॅरेजमधून सगळा संग्रह बाहेर आला आणि हिरवळीवर ओळीने मांडला गेला. प्रत्येक बंदुकीला ती बाद केल्याचा दाखला लागतो. लायनेलकडे सतरा दाखले होते, एका निळ्या फायलीत. फाईल कपाटात नव्हती. घराचे कागद गोळा करताना ॲव्हरिलने तीही टॅम्सिनला दिली होती.

लायनेलने टॅम्सिनला फोन लावला. "निळी फाईल घेऊन ताबडतोब या."

"येतेच आहे," ती म्हणाली. "उद्याच्या फोटोंपर्यंत थांबायला तयार नसलेलं एक गिऱ्हाईक मिळालंय. होलरॉइड म्हणून. त्यांना दाखवायला घेऊन येते. खोली रिकामी आहे ना?"

"खोली रिकामी आहे," लायनेल म्हणाला. ते खरंच होतं.

दोन वाजता होलरॉइड नवराबायकोला घेऊन टॅम्सिनची गाडी आली तेव्हा रस्त्याला निळीपांढरी फीत लावलेली होती, अर्धी गल्ली फितीला टेकून उभी होती आणि थर्लबीबाई एका अनोळखी माणसाला रजईचा रंग सांगत होत्या. तिच्या पाठोपाठ टॅक्सीतून ॲव्हरिल उतरली. तिच्या बहिणीच्या दारात स्केग्नेसचा पोलीस उभा राहिला होता आणि "तुम्ही हयात आहात का" असं विचारून त्याने लायनेलचा जबाब वाचून दाखवला होता. ती फितीखालून वाकून आत आली, हिरवळीवर पसरलेल्या आपल्या रजईकडे बघत नवऱ्यासमोर उभी राहिली.

"धड दुसऱ्या खेपेला, असं म्हणालास?"

"व्हिकर्सबद्दल," लायनेल म्हणाला.

"अठ्ठावीस वर्षांत माझ्याबद्दल एवढं सविस्तर बोलला नाहीस कोणाशी."

सार्जंट फाईल घेऊन एकेक नंबर जुळवत होता, लोक फोनवर फोटो काढत होते, आणि आपली बायको मोडक्या पायाच्या बहिणीला सोडून धावत आली आहे, हे त्याला आता नीट दिसत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

मिस्टर होलरॉइड घर बघायला गेलेच नव्हते. ते व्हिकर्सपाशी गुडघे टेकून बसले होते. नळकांड्यावरून हात फिरवत ते हळूच म्हणाले, "मूळचा रंग आहे हो. विकणार असाल तर सगळ्याच घेतो. घरासकट."

लायनेलने ॲव्हरिलकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "घ्या," तो म्हणाला. "भिंतीवर खुंट्या आहेतच. जागच्या जागी लावून देतो."

ॲव्हरिलने त्याचा हात धरला. इतक्या वर्षांत तिने जे मागितलं नव्हतं ते त्याने भर रस्त्यात, पोलिसांसमोर दिलं होतं. डेव्हनच्या घरातलं जेवणाचं टेबल तिला दिसायला लागलं, आणि त्याभोवती सहा खुर्च्या.

एवढ्यात मिसेस होलरॉइड घरातून बाहेर आल्या. त्यांनी सगळ्या खोल्या, नळ, कपाटं बघितली होती. नवऱ्याला गवतावर बसलेला बघून त्या जराही दचकल्या नाहीत. त्या सरळ ॲव्हरिलकडे आल्या आणि तिला बाजूला घेऊन गेल्या.

"घर मला पसंत आहे," त्या म्हणाल्या. "आजच्या आज हो म्हणते. एकच अट. यातली एकसुद्धा इथे राहता कामा नये."

"पण तुमचे मिस्टर तर..."

"त्यांच्याजवळ एकतीस होत्या. गेल्या वर्षी त्यांना आजारपण आलं, तेव्हा त्यांच्याकडून वदवून घेतलं आणि सगळ्या घालवल्या. घर बदलतेय ते याचसाठी. जुन्या घरात भिंतीकडे बघून उसासे टाकतात." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तुमच्या मिस्टरांनी उदार होऊन एखादी मागे ठेवली, तर मी सही करणार नाही. दुसऱ्या कोणाला विकल्यात तर हे माग काढून घेऊन येतील; सगळ्या तुमच्याबरोबर डेव्हनला न्यायच्या. लेखी हवं मला."

ॲव्हरिलने हिरवळीकडे बघितलं. लायनेल मिस्टर होलरॉइडना व्हिकर्सचा दाखला दाखवत होता. चेहरा एखाद्या लेकीची पाठवणी करणाऱ्यासारखा झाला होता.

"लायनेल," तिने हाक मारली. "त्यांच्या हातातला तो कागद परत घे. आपण एकही विकत नाही आहोत."

"पण तू..."

"एकही नाही, म्हटलं ना."

लायनेलचा विश्वास बसेना. तो तिच्याकडे असा बघू लागला, की तिला खरं कारण सांगवेना. होलरॉइड हळूहळू गवतावरून उठले आणि बायकोकडे न बघता गाडीत जाऊन बसले.

अटीचा कागद टॅम्सिनने तिथेच, पोलिसांच्या गाडीच्या बॉनेटवर लिहिला: संपूर्ण संग्रह, नग सतरा, विकणाऱ्यांनी सोबत नेणे बंधनकारक. पहिली सही ॲव्हरिलने केली.