पर्यायी रॉकचे रसग्रहण

जळगावातल्या एका पाइप कारखान्याचे स्टोअरकीपर अभिमन भामरे यांना वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी इंग्रजी गाणी आवडू लागली. भामरे घराण्यात यापूर्वी असे कोणाला झालेले नव्हते.

घडले ते असे. १९९४ साली ठिबकची यंत्रे बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर परत जाताना अभिमनला चार कॅसेटी देऊन गेला. एकाच बँडचे चार अल्बम. क्रमाने ऐका, एवढेच त्याने बोटांनी सांगितले. पहिली कॅसेट लावल्यावर टेपरेकॉर्डरचे हेड खराब झाले असे समजून अभिमनने ते दोनदा स्पिरिटने पुसले. तिसऱ्यांदा लावली तेव्हा पुसायचे राहून गेले. महिनाभरात त्याला चारही कॅसेटी पाठ झाल्या. तिसऱ्या अल्बममध्ये एक गाणे होते. त्यात गाणारा मध्येच गप्प होई, बराच वेळ नुसता ढोल चाले, डाळ मिलच्या चाळणीसारखा एका लयीत. मग तो माणूस परत गाऊ लागे तेव्हा त्याचा आवाज बदललेला असे, घरातल्या कोणाला तरी स्मशानात पोचवून आल्यासारखा. ते गाणे लागले की अभिमनचा घास हातातच राही.

त्याची बायको वच्छलाबाई हिने ते दोन दिवस ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "हाऊ माणूस गाई ऱ्हायना का रडी ऱ्हायना?"

"दोन्ही," अभिमन म्हणाला.

"मंग पुसा ना त्याले, काय व्हयनं."

इतका चांगला प्रश्न आपल्याला का सुचला नाही, याचे अभिमनला नवल वाटले. हे गाणे चार माणसांनी एकत्र बसून ऐकले पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. म्हणून गल्लीतल्या नवजागृती वाचनालयाकडे त्याने अर्ज केला: 'पर्यायी रॉक या प्रकारातील एका प्रभावशाली बँडच्या अभिजात अल्बमांचे रसग्रहण करणेकामी रविवारी एक तास सभागृह मिळणेबाबत.' अर्ज फार स्पष्ट लिहिला गेला. चूक झाली ती इथेच.

वाचनालयाचे कार्यवाह सुपडू नाना हे कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. अर्ज त्यांनी तीन वेळा वाचला आणि 'पर्यायी' या शब्दाखाली लाल रेघ ओढली. पर्यायी वस्तू मंजूर करण्यापूर्वी मूळ वस्तू उपलब्ध नसल्याचा दाखला लागतो, हा नियम त्यांनी अभिमनला शांतपणे समजावून सांगितला. तेव्हा मूळ रॉक जिल्ह्यात मिळत नाही असा दाखला आणावा, मग पर्यायीचे पाहू. हा दाखला कोण देणार, असे अभिमनने विचारले. रॉक म्हणजे खडक, आणि खडकाचा विषय गौण खनिज शाखेचा, याबद्दल नानांच्या मनात काडीची शंका नव्हती.

गौण खनिज शाखेत बन्सीलाल नावाचे लिपिक होते. त्यांनी पंधरा दिवसांत लेखी कळवले की जिल्ह्यात मूळ रॉक मुबलक असून सातपुड्याच्या पायथ्याला तर तो नांगराला अडतो. सबब पर्यायी रॉकची आवश्यकता दिसून येत नाही.

अभिमन रजा टाकून त्यांना भेटायला गेला. साहेब, ही गाणी आहेत, असे त्याने अगदी हात जोडून सांगितले.

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," बन्सीलाल म्हणाले. "पण माझ्याकडे गाण्याचा छापील नमुना नाही. खडकाचा आहे."

माणूस मनाने चांगला होता. त्यांनी दोन दिवस विचार केला, एक स्थळपाहणी दाखवली आणि सुधारित दाखला दिला: 'प्रत्यक्ष पाहणीत गाणारा खडक आढळून आला नाही.' अभिमनला इतका आनंद झाला की त्याने त्या दाखल्याच्या तीन झेरॉक्स काढल्या.

आता 'अभिजात' या शब्दाखाली रेघ आली. अभिजात म्हणजे जुने, आणि हा बँड तर नानांच्या स्कूटरपेक्षाही लहान निघाला. वाचनालयाचे अध्यक्ष रतिलालशेठ सराफ यांनी मार्ग काढला. सोन्याला छाप लागते तशी गाण्यालाही लावावी, असे त्यांचे मत पडले. समितीने ठराव केला की सदर चार अल्बम तीन वर्षांसाठी तात्पुरते अभिजात समजण्यात यावेत. अभिजात वस्तू अर्जदाराच्या घरी टेपरेकॉर्डरमध्ये पडून राहणे बरे दिसत नाही, म्हणून चारही कॅसेटी ताब्यात घेऊन लाखेने मोहोरबंद करण्यात आल्या. लाख गरम होती. ती पहिल्या तीन कॅसेटींच्या भोकांतून आत गेली. चौथीला जरा जास्तच लागली.

अभिमन तिथेच उभा होता. त्याने हात पुढे केला, तेव्हा नानांनी त्याला पोचपावती दिली.

रसग्रहणाचा कार्यक्रम मात्र थाटात झाला. सभागृह भरले. मंचावर हार घातलेल्या चार कॅसेटी. एका प्राध्यापकांनी पहिल्या अल्बममधल्या बंडखोरीवर आणि चौथ्यातल्या परिपक्वतेवर पाऊण तास भाषण केले. दुसऱ्या वक्त्यांना दुसरा अल्बम उपेक्षित राहिल्याचे दुःख आवरेना. लोक माना डोलवत होते. मागच्या रांगेत कोणीतरी डोळेही पुसले. शेवटी अभिमन उठला. गाणी अजून एकानेही ऐकलेली नाहीत, एवढेच त्याने सांगितले.

रतिलालशेठना राग आला नाही. माइक जवळ ओढून ते म्हणाले, "भामरे भाऊ, ऐकलं की मतं फुटतात. आज बघा, बठ्ठं जळगाव एकमत आहे."

टाळ्या पडल्या. आभार मानले गेले, त्यात अभिमनचेही नाव होते. बाहेर पडताना प्रत्येकाने नोंदवहीत अभिप्राय लिहून सही केली. 'अत्यंत श्रवणीय' हा अभिप्राय एकशे अकरा जणांचा होता. वही अभिमनपुढे आली तेव्हा मागे रांग खोळंबली होती. त्यानेही तेच लिहिले.

कॅसेटी आता वाचनालयाच्या काचेच्या कपाटात आहेत. अभिमन रविवारी जाऊन त्यांच्यासमोर उभा राहतो आणि ओठ न हलवता तिसरा अल्बम सुरुवातीपासून म्हणतो. एकदा वच्छलाबाईही बरोबर आली. तो मधल्या जागी पोचला हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळले, आणि तिने काचेवर बोटांनी त्या ढोलाचा ठेका धरला. शिपायाने भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीकडे बोट दाखवले.

या वर्षी वाचनालय स्मरणिका काढत आहे. तीत सर्व रसिकांची नावे छापली जातील. ज्यांनी ही हकिगत इथवर मान डोलवत वाचली, त्यांनाही यादीत घ्यायला सुपडू नानांची हरकत नाही. अट एकच होती आणि ती या वाचकांनी पूर्ण केली आहे: बँडचे नाव काय, हे त्यांनीही विचारलेले नाही.