तोटा सांगायला गेलेले दाजी

शेषेराव औशाच्या बाजार समितीत कारकून होते आणि पोरीची डिग्री झाल्यापासून एका प्रश्नाला वैतागले होते. "उज्वला काय करते?" इथवर ठीक होतं. "मग त्यात मिळतं किती?" असं कुणी विचारलं की ते पंख्याकडं बघत बसायचे. नांदेडला ठेवून पोरीला पत्रकारिता शिकवली, त्यापायी रस्त्याकडेचा प्लॉट विकला. आता ती लातुरात मोबाइलवरच्या एका वृत्तवाहिनीसाठी माईक धरून उभी राहायची. पगार आला तर यायचा, नाहीतर पुढच्या महिन्यात जायचा.

त्यामुळं मुखेडहून मेहुण्याचा फोन आला तेव्हा त्यांना बरंच वाटलं. दयानंद म्हणाला, "दाजी, आमच्या पोरीनं, अयोध्येनं, उज्वलाच्याच कोर्सचा हट्ट धरलाय. मी नर्सिंग कर म्हणून राहिलो, ती ऐकना. तुम्ही येऊन खरं खरं सांगा."

"त्याला मुखेडपतोर कशाला? फोनवर सांगतो की."

"फोनवर तोंड दिसत न्हाई, दाजी. तुमचं तोंड बघितलं की तिला पटंल."

शेषेराव एसटीत बसले. बायको, कस्तुराबाई, आधीच माहेरी गेली होती. वाटेत त्यांनी एक वाक्य घोळून घोळून पक्कं केलं: 'बाळा, घातलेलं निघायला माझा जन्म पुरायचा न्हाई.'

घरी पोचले तर बैठकीत एक अनोळखी नवरा-बायको बसलेले. शेषेराव तोंड उघडणार, तोच दयानंद त्यांना हातपाय धुवायला म्हणून मागं घेऊन गेला.

"दाजी, जरा घोटाळा झाला. हे देगलूरचे रामलिंग अप्पा. आक्कानं उज्वलाच्या सोयरिकीसाठी बोलावलंय."

"मला न सांगता?"

"तुम्ही नको म्हटला असता म्हणून."

"आन आजच?"

"त्यांना आजच सवड होती."

शेषेरावांनी ओला पाय पुन्हा एकदा धुतला. "मग आता अयोध्येला काय सांगू मी?"

दयानंदानं विचार केला. "तिला कळंल आन त्यांना कळणार न्हाई, असं काहीतरी सांगा."

बैठकीत पोहे आले. पोहे घेऊन आलेली अयोध्या आत गेली नाही, दाराला टेकून उभी राहिली.

"पोरगी डिग्रीवाली हाय म्हणं," रामलिंग अप्पा म्हणाले. "त्या लायनीत भविष्य कसं हाय?"

"भविष्य लई हाय," शेषेराव म्हणाले. मग दयानंदाकडं बघून त्यांनी पुस्ती जोडली, "अजून सगळं पुढंच हाय."

अयोध्येचा चेहरा खुलला. दयानंदाचा पडला.

अप्पांच्या पत्नी सिद्धम्मा पुढं सरकल्या. त्यांनी विचारलं, "घरी पैशे देते का?"

"आता मागत न्हाई."

कस्तुराबाईंना खोकला आला. "म्हणजे," शेषेराव सावरून म्हणाले, "आम्हीच तिच्याकडून घेत न्हाई."

अयोध्येला राहवेना. तिनं मोबाइलवर उज्वलाची बातमी लावून सिद्धम्मांपुढं धरली. लातुरात कुठंतरी पाइपलाइन फुटली होती आणि उज्वला गुडघाभर गढूळ पाण्यात उभी राहून बोलत होती.

"ही पाण्यात का उभी हाय?"

"बातमी पाण्यात हाय, मावशी."

"गमबूट देत न्हाईत का?"

शेषेरावांनी वाकून बघितलं. पोरीची एकही बातमी त्यांनी आजवर शेवटपर्यंत पाहिली नव्हती. सलवार चिंब झालेली, मागून कुणीतरी हॉर्न वाजवतोय, आणि ही न अडखळता महापालिकेला प्रश्न विचारतेय. त्यांना एकदम थकल्यासारखं झालं. दोन्हीकडून तोलून बोलायची ताकद संपली.

"न्हाई देत," ते म्हणाले. "गमबूट न्हाई, पेट्रोल न्हाई, पगारबी वेळेवर न्हाई. प्लॉट गेला, अप्पा. खरं सांगायचं तर घातलेलं निघायला माझा जन्म पुरायचा न्हाई."

कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला. स्थळ गेलंच. दयानंदाला मात्र हायसं वाटलं. त्यानं पोरीकडं बघून मान हलवली.

रामलिंग अप्पांनी पोह्याची ताटली खाली ठेवली. "आमच्या शिवमनं तोच कोर्स केलाय," ते हळू म्हणाले. "कॅमेरा धरतो हैद्राबादला. लग्नसराईत लग्नाच्या शूटिंगवर भागवतो. आम्ही म्हटलं, पोरगी कमावती मिळाली तर पोराचं निभंल."

"मी मघापासून मनात म्हणत होतो, जावई कमावता मिळाला तर हिचं निभंल," शेषेराव म्हणाले.

मग शेषेराव सरकून अप्पांशेजारी बसले. इतक्या दिवसांत विचारणारे पुष्कळ भेटले होते, समजणारा आज भेटला. तुमचा प्लॉट कुठला, आमचा ट्रॅक्टर कितीला गेला, असं दोघांचं बोलणं रंगलं. चहा थंड झाला तरी कुणाला भान नव्हतं.

शेवटी सिद्धम्मा म्हणाल्या, "दोघांचे मिळून एक पगार तर होतो. पोरगी धीराची हाय. पोरांना भेटू द्या, पुढचं ती बघतील."

"हाव, भेटू द्या," कस्तुराबाई घाईनं म्हणाल्या.

आता अयोध्या पुढं आली. "पप्पा, उज्वलाताईला काम हाय, त्यांच्या शिवमला काम हाय, आन आता सोयरीकबी जुळून राहिली. मग तोटा कुणाला झाला?"

"आम्हाला," शेषेराव आणि रामलिंग अप्पा एकदमच म्हणाले.

"तुमचा तोटा तर नर्सिंगलाबी होणार," अयोध्या म्हणाली आणि ताटल्या उचलून आत गेली.

दयानंद जागचा उठला. मग शेषेरावांच्या कानाशी येऊन त्यानं विचारलं, "दाजी, नांदेडला पोरींचं होस्टेल कोणतं बरं हाय?"