कोठार पडलं तेव्हा अम्मा कापडाखाली होत्या

"मोबाइलवाल्यांनी उद्या खुशाल घरी बसावं! कोठाराचा फोटो मी काढणार, आणि तो एकच पुरे!"

पाल्मीने हे कुठे जाहीर करावं? तर बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या हॉलमध्ये, शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला, अख्ख्या गावासमोर! स्ट्रॉन्डार गाव कॅनडातल्या मॅनिटोबाच्या नकाशावर शोधायला चष्मा लागतो. अशा गावात शुक्रवारी बोललेलं शनिवारी नाकारता येत नाही.

शनिवारी बारा वाजता रेल्वेच्या रुळांलगतचं जुनं लाकडी धान्य-कोठार पाडणार होते. पाल्मीचे सासरे एइनार यांनी ते एकतीस वर्षं सांभाळलं. ते गेले, गाड्या थांबायच्या बंद झाल्या, आणि आता कोठारही चाललं. पाल्मीच्या सासूबाई थोरा, म्हणजे गावाच्या अम्मा, एक्याण्णव वर्षांच्या. मुक्काम वृद्धाश्रमात. त्यांनी जावयाला बोलावून सांगितलं होतं, "मला एइनारच्या दारात बसव आणि एक फोटो काढ. मोठा. भिंतीवर लावायचाय." चाळीस वर्षांत त्यांनी जावयाकडे काही मागितल्याची ही पहिलीच वेळ. पाल्मी त्या रात्री झोपलाच नाही.

आता पाल्मीचा कॅमेरा म्हणजे दुकानातून पिशवीत घालून आणायची वस्तू नव्हे. तो जमवावा लागतो. चौकट स्वित्झर्लंडहून, भिंग जर्मनीहून, फिल्मची पेटी ओरेगॉनमधल्या एका फोटोग्राफरच्या विधवेकडून, अशी तीन वर्षं जमवाजमव चालली होती. "आपलं लग्न जमवताना तू याच्या निम्मीही पत्रं लिहिली नव्हतीस," असं त्याची बायको लोआ येईल त्याला सांगायची.

पण कॅमेरा होताच तसा! साधा कॅमेरा वर रोखला की उंच इमारत मागे रेलते, जास्त झालेल्या माणसासारखी. पाल्मीच्या कॅमेऱ्यात नुसतं भिंग वर सरकतं. कॅमेरा मान वर करत नाही आणि इमारत ताठच्या ताठ राहते. आधी मागे दुधी काच लावायची, डोक्यावर काळं कापड घ्यायचं, काचेवर दृश्य जुळवायचं. मग काच काढून तिथे फिल्मची गुंडाळी भरलेली पेटी बसवायची आणि चाप ओढायचा. बस्स! तीन वर्षांत त्याने यावर गोदामं काढली, खडक काढले. माणूस म्हणून एकही काढला नव्हता. हे त्या वेळी कोणाच्याच लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही.

शनिवारी दहा वाजता गाव खुर्च्या, कॉफीचे थर्मास आणि कुत्री घेऊन हजर! पाल्मीने कॅमेऱ्याची पेटी उघडली. आत स्पंजात प्रत्येक तुकड्यासाठी त्याच्या आकाराचा खळगा. एकही खळगा रिकामा नाही हे त्याने तीनदा तपासलं आणि जुळणीला लागला.

साडेदहाला चौकट तिपाईवर चढली. अकराला भिंग बसलं. सव्वाअकराला तो अजून पाणसळीतल्या बुडबुड्याकडे बघत होता.

"सर, एक विचारू?" पाडकामाचा ठेकेदार डॅरिल यंत्रावरून उतरून आला. त्याला शाळेत सुतारकाम पाल्मीनेच शिकवलं होतं. "मला कोठार पाडायला दहा मिनिटं लागणार. तुम्हाला फोटो काढायला किती?"

"डॅरिल, तुझं स्टूल आठवतंय का? तीन पायांवर डुलणारं?"

"आठवतंय, सर."

"तेव्हाही तू घाईच केली होतीस."

डॅरिल वरमला. "बरं, सर. पण रेल्वेने एकपर्यंतच रूळ मोकळे दिलेत. बाराला मी सुरू करणार."

"करच! आधी अम्मांचा फोटो होईल. त्या दारातून निघाल्या की मी पुन्हा कापडाखाली जाईन. कापडातून हात वर आला की समज, मी तयार. मग पाड. पडतानाचाही काढतो!"

लोआने अम्मांची चाकांची खुर्ची कोठाराच्या दारात नेऊन उभी केली. अम्मांनी निळी टोपी घातली होती. पाल्मी कापडाखाली शिरला. काचेवर कोठार काय सुंदर दिसत होतं! फक्त अम्मा दाराच्या मध्यापासून जरा उजवीकडे होत्या. वारा असा, की हाक पोचेना. पाल्मीने कापडातून हात बाहेर काढला आणि 'डावीकडे घ्या' अशी खूण केली. लोआने खुर्ची त्या बाजूला ढकलली.

अम्मा काचेवर आणखी उजवीकडे गेल्या!

दुधी काचेवर चित्र उलटं पडतं. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. हे पाल्मीला झोपेतही ठाऊक होतं. पण खडकाला कधी 'सरक' म्हणावं लागत नाही ना! तो चिडला. आणखी जोरात हात हलवला. लोआने आणखी जोरात ढकललं. आता तो दोन्ही हातांनी विमान उतरवावं तशा खुणा करत होता आणि काचेवरची त्याची सासू उलटी लटकून उजवीकडे पळत होती!

"अरे, किती?" लोआ ओरडली. "पुढे काटेरी झुडपं आहेत!"

"अजून!" पाल्मी कापडातून ओरडला. त्याने ऐकलं काहीच नव्हतं.

धपकन आवाज झाला. पाल्मीने डोकं बाहेर काढलं. अम्मांची खुर्ची पुढच्या चाकांनी चरात उतरली होती, टोपी झुडपात अडकली होती आणि गाव उभं राहिलं होतं. मेलोच, असं त्याच्या मनात आलं. बाराला आठ मिनिटं कमी होती.

अम्मा पडल्या नव्हत्या. त्यांनी लोआचा हात झिडकारला, काठी घेतली आणि पायी निघाल्या, थेट कॅमेऱ्याकडे. पन्नास पावलं! गेल्या नाताळपासून त्या एवढं चालल्या नव्हत्या.

"अम्मा, मला क्षमा करा, ते उलटं..."

"मला बघू दे, तू आत काय उद्योग करतोयस ते."

"अम्मा, वेळ नाही हो! तुम्ही परत दारात..."

"सरक."

पाल्मी सरकला. अम्मा कापडाखाली गेल्या. बाहेर उरली काठी आणि दोन करड्या चपला. आतून हसू आलं, लहान मुलीचं असावं तसं.

"उलटं आहे रे!"

"हो, अम्मा. आता जरा बाहेर या. मला ही काच काढून पेटी लावायचीय. लोआ तुम्हाला दारात नेईल."

"कोपऱ्यातला तो पत्रा एइनारने ठोकलेला. दिसतोय बघ."

"अम्मा, दोन मिनिटं राहिली!"

त्याने कापडाचं टोक हळूच ओढलं. त्यासरशी जावयाला गप्प करणारा अम्मांचा हात कापडातून ताठ वर आला.

तिकडे डॅरिल नुकताच यंत्रावर चढला होता; लांबून त्याने एवढंच पाहिलं. दार मोकळं, कापडाखाली माणूस, हात वर. सर तयार! त्याने यंत्र सुरू केलं.

"थांब! अरे, थांब!" पाल्मी ओरडला. पण ज्या वाऱ्यात आठ मिनिटांपूर्वी त्याची हाक पोचली नव्हती, त्यात आता यंत्राची घरघरही मिसळली होती.

कोठार एकदा करकरलं. मग कमरेत वाकलं. पाल्मीच्या हातात फिल्मची पेटी होती. अम्मांना बाजूला करायचं, काच काढायची, पेटी लावायची, एवढंच काम होतं. त्याने पाऊल उचललं आणि बघितलं. काळं कापड थरथरत होतं. हसण्याने नाही. त्याने पाऊल मागे घेतलं. कोठार पडलं. धुळीचा लोट गावावरून गेला.

अम्मा बाहेर आल्या तेव्हा त्यांचे केस विस्कटले होते आणि डोळे ओले होते.

"पडलं नाही," त्या म्हणाल्या. "वर गेलं. अख्खंच्या अख्खं वर गेलं, पाल्मी! मी पाहिलं."

त्यांनी पाल्मीच्या गालावर हात ठेवला. चाळीस वर्षांत तेही पहिल्यांदाच झालं.

भिंतीवर लावायचा फोटो अर्थातच नव्हता. पण गाव मोठ्या मनाचं. "म्हाताऱ्या बाईला कापडाखालून ओढून काढणार तरी कसं!" असं म्हणत लोक पाल्मीची पाठ थोपटत होते. लोआ तर इतकी ओशाळली, की तिने रविवारी प्रून, म्हणजे सुकवलेले आलुबुखार, भरलेला सात थरांचा केक केला. एरवी तो फक्त नाताळात व्हायचा.

"आईमुळे तुझी तीन वर्षांची मेहनत गेली रे," ती केक कापत म्हणाली.

"जाऊ दे गं," पाल्मी मोठ्या समजूतदारपणे म्हणाला. "फोटोपेक्षा माणूस मोठं."

"तू मनाने फार चांगला आहेस. फ्रिजमधून कॉफीसाठी क्रीम आण ना."

पाल्मीने फ्रिज उघडला. क्रीम समोरच होतं. त्याच्यामागे, लोण्याच्या डब्याला टेकून, फिल्मच्या पाचच्या पाच गुंडाळ्या गार होत बसल्या होत्या. फिल्म थंडीत टिकते म्हणून ती कायम इथेच असायची. कॅमेऱ्याच्या पेटीत तिच्यासाठी खळगा नव्हताच. त्यामुळे तिथे काही रिकामं दिसायचा प्रश्नच नव्हता.

"सापडलं का?" लोआने विचारलं.

पाल्मीने दार हळूच लावलं.

"नाही गं. आज कोरीच पितो."