आबांचा गोड घास

सोयरीक पक्की होईपर्यंत त्या घरचं गोड तोंडात घालायचं नाही, हा प्रेमराज आबांच्या घरचा नियम. चहा चालतो, फोडणीचे पोहे चालतात, पण शिऱ्याचा घास घेतला की तो होकार. म्हणून तर मागच्या आठवड्यात यावलहून धुळ्याला मुलाचं घर पाहायला गेले, तेव्हा मुलाच्या आईनं, भिकुबाईंनी, पुढे केलेली शिऱ्याची बशी आबांनी मन घट्ट करून मागे सारली होती. आबांना गोड म्हणजे जीव की प्राण. त्यांचं काय झालं असेल ते त्यांनाच ठाऊक.

मुलगा दीपक चांगला होता, पण धुळं लांब. "पोरगी डोळ्याआड जाईन," म्हणत आबा होकारही देईनात आणि नकारही देईनात. सुलक्षणाच्या मनात काय आहे, हे विचारायचं मात्र घरात कोणालाच सुचलं नाही.

रविवारी सुलक्षणाच म्हणाली, "आबा, जळगावला खाद्य महोत्सव आहे. नुसते गोडाचे स्टॉल. जाऊ या?" आबांनी लगेच टोपी शोधली.

मैदानात शिरल्या शिरल्या तिनं त्यांना खापराच्या पुरणपोळीपाशी नेलं. चुलीच्या धुरात एक बाई तोंडाला पदर गुंडाळून खापरावर मांडा टाकत होती. दुसरीनं तुपात बुडवलेला तुकडा आबांच्या हातावर ठेवला. तो कधी घशाखाली गेला ते कळलंच नाही. "अजून एक द्या," आबा म्हणाले.

तेवढ्यात चुलीपुढच्या बाईनं पदर सोडला. भिकुबाई.

"गोड लागनं ना आबा? मंग आते आपण याही-याहीन."

व्याही-विहीण! आबांच्या हातातला तुकडा तसाच राहिला. काहीतरी पुटपुटून ते मागच्या पावली निघाले आणि कोपरा गाठून त्यांनी बायकोला फोन लावला.

"कोकिळे, घोटाळा झाला. धुळ्यावाल्यांचं गोड खाल्लं मी."

"खाल्लं म्हणजे पोरगी दिली," कोकिळाबाई शांतपणे म्हणाल्या.

"अवं, मी तं चवीपुरतं खाल्लं."

"चवीपुरतं खाणारा माणूस एकाच ठिकाणी खातो काय?"

कोकिळाबाईंनी टोमणा मारला होता. आबांना तो सल्लाच वाटला. खरंच की! प्रत्येक स्टॉलवर खाल्लं, तर एका घासाला कसला आलाय अर्थ? भिकुबाईंना नीट दिसेल अशा बेतानं ते सुरू झाले. दराबा खाल्ला, सांजोरी खाल्ली, रावेरच्या बायकांचा केळ्याचा हलवा खाल्ला. जिलबीपर्यंत पोटाला तडस लागली आणि कपाळावर घाम आला, पण थांबून चालणार नव्हतं. लापशीवाल्या बाईनं विचारलं, "आबा, सोबतची पोरगी तुमची का? माझा भाचा आहे लग्नाचा." आबांनी तोंडातली लापशी गिळावी की थुंकावी, या विचारातच ती गिळली गेली. ते तिथून जवळजवळ पळालेच.

आणि मग कर्ण्यावरून आवाज आला. "आजचे मानाचे खवय्ये, यावलचे प्रेमराज आबा. यांनी एकही स्टॉल सोडलेला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांना मंचावर चढवलं, खांद्यावर शाल पडली आणि हातात पेढ्यांचा पुडा आला.

शालीसकट ते खाली उतरले, तर समोर भिकुबाई उभ्या. चेहरा उतरलेला.

"मी समजी गऊ आबा," त्या म्हणाल्या. "तुम्ही तं बठ्ठासनं, एकूणएक स्टॉलनं गोड खाई लिधं. मंग आम्हनं काय मोठं शे?" आणि मागे न बघता निघून गेल्या.

आबांना हायसं वाटलं. सुटलो एकदाचे, म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर सुलक्षणाचे डोळे भरलेले.

"काय झालं गं?"

"तो स्टॉल कोणाचा आहे, ते मला माहीत होतं आबा. दीपकनंच सांगितलं होतं. म्हणून तर आधी तिथं नेलं तुम्हाला. तुम्ही खाल्लंही." ती नाक पुसत म्हणाली, "तिथंच थांबायचं होतं ना."

पोरीला एका शब्दानं विचारलं असतं तर, असं आबांना परतीच्या एसटीत यावल येईपर्यंत वाटत राहिलं. पेढ्यांचा पुडा त्यांनी उघडलासुद्धा नाही.

पुढच्या रविवारी आबा सुलक्षणाला घेऊन धुळ्याला गेले. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "बाई, माझं चुकलं. पोरीच्या मनात आहे, माझ्याही मनात आहे. तेवढं पदरात घ्या."

भिकुबाई आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. झणझणीत शेवभाजी, भाकरी, मिरचीचा ठेचा. सोबत कपभर चहा. आबांनी घोट घेतला. साखरेचा कणही नव्हता.

"आम्हनाकडेबी नियम शे आबा," भिकुबाई म्हणाल्या. "पक्कं व्हयाशिवाय गोड नही."

"फक्कड झालाय चहा," आबा म्हणाले आणि त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

स्वयंपाकघरातून पुरण शिजल्याचा वास येत होता. दाराशी उभा दीपक सुलक्षणाकडे बघून गालात हसत होता. आबांनी दोघांकडे पाहिलं, नाकानं एक लांब श्वास घेतला आणि मुकाट्यानं ठेच्याला बोट लावलं.