एकट्यांची तुकडी

वर्ना टॉलिव्हर हिने रेडिंग गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. एवढा काळ तिच्या पाठीमागे चाळीस पोरं किंचाळत होती. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने आयुष्याकडे एकच मागणं मागितलं: रेडवूडच्या उंचच उंच झाडांच्या जुन्या रानात एक तास, आणि त्या तासात माणसाचा आवाज नको. त्यासाठी ती वळणावळणाच्या रस्त्याने चार तास एकटीच गाडी हाकत समुद्राकडच्या रानापर्यंत आली.

फाटकावर लॉवेल नावाचा वनरक्षक होता.

"किती जण?"

"एकटीच."

लॉवेलने पेन खाली ठेवलं. "अरेरे! मग एकांत-परवाना लागेल, बाई."

नियम अगदी सरळ होता. मागच्या वर्षी एकटे फिरणारे तिघे रानात वाट चुकले होते. सबब, एकट्याने फिरणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी यापुढे एकट्यांनी आठ जणांच्या तुकडीने फिरावं, असा आदेश निघाला होता.

"आठ जण म्हणजे एकटं कसं हो?"

"आठही जण एकटेच असतात ना! जोडीने आलेलं कुणी घेत नाही आम्ही. परवा एक नवरा-बायको घुसू बघत होते, हाकलून दिले."

"अहो, मला कुणाचा आवाज नकोय."

"कुणालाच नकोय, बाई. अर्जात सगळ्यांनी तेच लिहिलंय."

वर्नाला नारिंगी जाकीट मिळालं. पाठीवर छापलं होतं: 'एकांतात आहे, व्यत्यय आणू नये.' नंबर पाच. तुकडीप्रमुख ट्रिश दर दहा मिनिटांनी शिट्टी फुंके आणि सगळे आपापला नंबर ओरडत. मधल्या वेळात नंबर दोनची बाई, आपल्याला शांततेची किती ओढ आहे, ते सांगत होती. ते संपतच नव्हतं.

नंबर सहा म्हणजे ऑर्विल, लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला म्हातारा. तो वर्नाच्या कानाशी पुटपुटला, "आम्ही ही झाडं पाडत होतो ना, तेव्हासुद्धा इथं एवढा गलका नव्हता गं."

मोठ्या झाडापाशी परवान्याची शेवटची अट आली. एकांत मिळाला याचा पुरावा म्हणून प्रत्येकाने झाडाजवळचा एकट्याचा फोटो जोडायचा होता. एकाचा फोटो निघेपर्यंत बाकीच्या सातांनी बुंध्याआड लपायचं. बुंधा दोन हजार वर्षांचा होता, सात माणसं त्याला काहीच नव्हती.

शेवटी ऑर्विलची पाळी आली, तेव्हा वर्ना शेजारच्या जळून पोकळ झालेल्या खोडात शिरली. पूर्वी लोक अशा ढोलीत पाळीव हंस कोंडून ठेवत. इथले लोक तिला अजून हंसांचं खुराडं म्हणतात. आत काळोख होता, ओल्या कोळशाचा वास होता. शिट्टी झाली. वर्ना बाहेर आली नाही. ऑर्विल जाता जाता वाकला, तिला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"तीन!"

"चार!"

"पाच?" ट्रिशने विचारलं. "पाच कुठंय? सापडली नाही तर रान बंद करावं लागेल हं!"

"पाच!" एक किनरा आवाज आला. लगेच घोगरा आला, "सहा!"

ट्रिशने कागदावर खूण केली. तुकडी गेली.

मग वर्नाला एकतीस वर्षांत न ऐकलेली गोष्ट ऐकू आली. नेच्याच्या पानावरून थेंब ओघळला, तो खाली पडला, आणि पडल्याचा आवाज झाला. तिचे डोळे भरून आले.

हे अकरा मिनिटं टिकलं.

बाराव्या मिनिटाला ती एका आडव्या पडलेल्या खोडावर चवड्यांवर उभी होती. हात आभाळाकडे, हातात फोन. एक काडी रेंज मिळताच बहिणीला निरोप गेला: 'जोलीन, इथं कुणी नाही! अगदी कुण्णीसुद्धा नाही!!' मग तोच निरोप बसडेपोच्या गटावर गेला. मग चर्चच्या.

हसू नका. मागच्या वेळी तुम्ही एकटे होतात, तेव्हा ते किती जणांना कळवलं होतंत?