तळहातावरचा शब्द

निकमकाका रोज सकाळी बॉलपेनानं डाव्या तळहातावर एक इंग्रजी शब्द लिहीत. देवनागरीत. तो तीन माणसांवर वापरून होईपर्यंत त्या हाताला साबण लागत नसे.

चंदीगडला नोकरीसाठी येऊन मला चारच दिवस झाले होते. मनीमाजऱ्यातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये हे गृहस्थ शिरले, माझ्याकडे पाहिलं, मग तळहाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "यू लुक लुगुब्रियस." मला वाटलं, पंजाबीत काहीतरी विचारतायत. मी "हां जी" म्हणालो.

"रडवा दिसतोयस असं म्हणलो मी. आणि तू हां जी म्हणतोस. वॉचमन म्हणला, मराठी हायस. गाव कुठलं?"

काका साताऱ्याकडचे. फौजेत क्लार्क होते. शेवटची पोस्टिंग इथली, मुलाची नोकरीही इथेच लागली, ते इथलेच झाले. काकू गेल्यानंतर मुलगा, सून आणि सई नावाची नात एवढंच घर. "तीस वर्षं इंग्रजी टाइप केलं रं," ते म्हणत, "पण ते सायबाचं. 'माहिती आणि योग्य कारवाईसाठी सादर.' एवढ्या भांडवलावर नातीशी काय बोलणार?"

म्हणून हा शब्दांचा उद्योग. त्याचा पहिला फटका भाजीवाल्याला बसे. "भैया, ये भिंडी फ्लॅसिड है," काका एक मरगळलेली भेंडी उचलून म्हणत. "नहीं जी, देसी है," भाजीवाला शपथेवर सांगे. काका खूश. एक झाला, दोन राहिले. दुसरा वॉचमन आणि तिसरा बहुतेक मी.

एकदा तर ते परदेशी जाणाऱ्या मुलांच्या इंग्रजीच्या क्लासला जाऊन बसले. इथे गल्लीगल्लीत असले क्लास आहेत. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कॅनडा या ऑस्ट्रेलिया, अंकल जी?" काका म्हणाले, "घर में ही बोलना है." तिनं त्यांना फुकट एक शब्दांची यादी दिली आणि पाणी विचारलं. ती यादी काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपली.

मला हे सगळं बघवत नसे. सई अठराची. मराठी तिला कळे, पण उत्तर हिंदीत किंवा इंग्रजीत. आजोबांना 'दादू' म्हणायची. मुलगी वाईट नव्हती, तिच्या खोलीचं दार तेवढं बंद असे. मी एकदा न राहवून म्हणालो, "काका, साधं बोला की. हाऊ आर यू विचारा."

"विचारून झालंय," काका म्हणाले. "'फाइन' म्हणती. साध्या शब्दाला साधंच उत्तर येतं, आणि दार लागतं. अवघड शब्द टाकला की तिला थांबावं लागतं. 'दादू, मतलब?' म्हणती. मग मी मतलब सांगतो. दोन मिनिटं जातात. कधी कधी तीन."

तोवर मी त्यांना चक्रम समजत होतो आणि ते बरं होतं.

पुढे पुढे तेही आटलं. सई शब्द ऐकला की फोनवर अर्थ बघू लागली. "गॉट इट, दादू," म्हणे आणि आत जाई. काकांनी आणखी अवघड शब्द काढले. फोनला तेही येत होते.

मग तिचं कॅनडाचं ठरलं. दिल्लीहून विमान, दुपारी टॅक्सी. मी बॅगा उतरवायला मदत केली. काका इस्त्रीचा शर्ट घालून खाली उभे होते. तळहातावर काय लिहिलंय ते मी पाहिलं. त्या दिवशी अवघड शब्द नव्हता.

सई पाया पडली आणि गाडीत बसली. काका खिडकीशी वाकले. "से, आय अॅम कमिंग."

"दादू, आय'म गोइंग," ती हसली.

"गोइंग नाही म्हणायचं. कमिंग. से."

"अरे दादू, मैं तो जा रही हूँ ना." तिनं आईकडे पाहिलं. आईनं घड्याळाकडे. पुढच्या सीटवरून मुलगा म्हणाला, "बाबा, उशीर होतोय." काच वर गेली. काचेआडून तिनं हात हलवला.

'येते म्हण' एवढंच मराठीत म्हणाले असते, तर पोरीनं तेही म्हटलं असतं. आमच्यात दारातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, हे तिला नसेल ठाऊक, पण दोन अक्षरं तिला नक्की कळली असती. इतक्या वर्षांच्या सवयीनं काकांनी त्यांचं इंग्रजी केलं आणि घात झाला. हे मला तेव्हाच सुचलं. मी त्यांना ते आजतागायत सांगितलेलं नाही.

त्यानंतर रविवारी फोन येतो. काकांच्या वाट्याला "फाइन, दादू" येतं.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो तो एक गोष्ट सांगायला. माझी पुण्याला बदली झाली होती, शनिवारी सामान जायचं होतं. काका डिक्शनरी उघडून बसले होते. डावा हात कोरा होता.

"आख्खी पालथी घातली," ते म्हणाले. "जाताजाताच परत यायचं कबूल करणारा शब्द नाही रं त्यांच्याकडं."

आम्ही चहा प्यालो. बदलीचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं आणि चहाबरोबर खाली गेलं. अर्ध्या तासानं मी उठलो, चपला घातल्या, आणि सवयीनं म्हणालो, "येतो, काका."

त्यांनी मान वर केली.

"काय म्हणलास?"

"येतो म्हटलं."

"परत एकदा म्हण."

मी परत एकदा म्हटलं.